चाकामागचा जोर

डोंगराच्या पाठीशी उंबरदरा नावाचं गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक मिस्त्री राहत होता. गोष्ट जुनी आहे. तेव्हा उंबरदऱ्यात वीज आली नव्हती. दिवस कलला की बायका कंदिलाच्या काचा राखेनं पुसायच्या. गावात रेडिओ एकच, सरपंचांच्या ओसरीवर, आणि त्याचे सेल उतरले की तो पुढच्या बाजारापर्यंत मुका. खाली फाट्यावरच्या गावात मात्र विजेचे दिवे लागत. उंबरदऱ्याची माणसं जेवणाआधी टेकाडावर उभी राहून ते दिवे बघत आणि मग घरी परतत.

केरबा तरुणपणी सांगलीला विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानात होता. जळालेल्या मोटारीतली काळी तार काढून नवी तांब्याची तार भरायची, हे त्याचं काम. वडील गेले तसा तो गावी परतला. गावात वीजच नाही, तिथं मोटार कुठली? तो नांगराचे फाळ बसवू लागला, मोटेची चाकं दुरुस्त करू लागला. पण कुठं तांब्याच्या तारेचा तुकडा दिसला की उचलून खिशात घाली.

एकदा त्याला ओढ्याकाठच्या विहिरीवर गंजत पडलेलं तेलाचं इंजिन दिसलं. इंजिन मेलेलं होतं, पण त्याचं मोठं लोखंडी चाक शाबूत होतं. मालक म्हणाला, "न्हे बाबा. माझी तेवढी जागा तर मोकळी हुईल."

चाक बैलगाडीत घालून केरबानं आपल्या रिकाम्या गोठ्यात आणलं. घासूनपुसून, तेल पाजून ते दोन खांबांच्या मध्ये असं बसवलं की बोटानं ढकललं तरी बराच वेळ फिरत राही. मग जत्रेतल्या फुटक्या कर्ण्यांमधली लोहचुंबकं काढून त्यानं चाकाच्या कडेला बसवली. खाली तारेचं एक वेटोळं ठेवलं. चुंबक वेटोळ्यासमोर आलं की खाली लावलेली पितळेची पट्टी तारेला क्षणभर टेकायची, मोटारगाडीच्या जुन्या बॅटरीतली वीज वेटोळ्यात शिरायची आणि चुंबकाला पुढं ढकलायची. झोपाळा नेमका खाली आला की आपण त्याला पाठीमागून हलका धक्का देतो ना, तसंच. धक्क्यावर धक्का बसत चाक वेग घेई. दुसऱ्या बाजूला त्यानं आणखी वेटोळी बसवली होती. चुंबकं त्यांच्यासमोरून धावली की त्यांत वीज उपजे आणि मोटारगाडीचा एक छोटा दिवा पेटे.

ज्या संध्याकाळी तो दिवा पहिल्यांदा पेटला, त्या संध्याकाळी अख्खं गाव गोठ्यात जमलं. चाक घूं घूं करत फिरत होतं. त्याचा वारा अंगाला लागत होता. आणि वर, जिथं पूर्वी वैरण ठेवत, तिथं पिवळा दिवा लागला होता. म्हातारी तानूआक्का दिव्याकडं बघून हात जोडून उभी राहिली.

सरपंच रंगरावआण्णा म्हणाले, "केरबा, हे चालतं कशावर रं?"

बॅटरी खाली फळीच्या खोक्यात होती. तिच्यातलं तेजाब कोणाच्या पायावर सांडू नये म्हणून केरबानं ती झाकली होती. ते सांगायला त्याला काहीच अडचण नव्हती. पण एवढी माणसं आपल्या तोंडाकडं बघतायत, असं त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

"चाकावरच चालतंय, आण्णा," तो हसून म्हणाला. "एकदा फिरवलं की झालं."

केरबाला वाटलं, हे आज खरं नसलं तरी उद्या होईल. चाकातून निघालेली वीज आपण परत बॅटरीत सोडू, मग बॅटरी आपोआप भरेल आणि चाक कायमचं फिरत राहील. तेवढं जमेपर्यंत कुणाला काही सांगायची गरज नाही.

ते काही जमलं नाही. बॅटरी उतरे, ती भरायला फाट्यावर न्यावी लागे. केरबाला लोकांनी बॅटरी नेताना पाहिलं असतं तर प्रश्न विचारले असते. म्हणून बॅटरी नेऊ लागली त्याची बायको गिरजा.

"पाटीत घाल आन् वर भाजी पसर," केरबा तिला म्हणाला. "लोकं उगाच इचारत बसत्यात."

गिरजानं पाटीत बॅटरी ठेवली, वर मेथीच्या जुड्या पसरल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि घाट उतरली. एक बॅटरी फाट्यावर भरायला टाकायची, भरलेली दुसरी घेऊन वर यायचं. उतरताना गुडघे बोलत, चढताना मान. तेजाबाचे थेंब उडून तिच्या लुगड्याला बारीक बारीक भोकं पडली. बायका विचारत, "गिरजे, उंदरानं कुरतडलं का काय?" ती म्हणे, "व्हय, लई उंदीर झाल्यात."

गोठ्यातला दिवा रोज लागू लागला. गाव तिथं जमू लागलं. कोणी पोथी वाची, कोणी धान्य निवडी, मुलं पाटी घेऊन बसत. परगावचे पाहुणे आले की आधी त्यांना चाक दाखवायला आणत. "आमच्या केरबानं हवेतनं वीज काढली," असं लोक सांगत. केरबा ते ऐके आणि मान खाली घालून तेलाचा थेंब सोडत राही. गिरजा बहुतेक त्या वेळी घाटात असे, नाहीतर दमून घरात पडलेली असे. गोठ्यातल्या दिव्याखाली बसलेलं तिला कधी कोणी पाहिलं नाही.

सुगी तोंडावर आली तेव्हा गिरजाला ताप भरला. बॅटरी उतरली आणि चाक थांबलं. केरबानं लोकांना सांगितलं, "दुरुस्ती चाललीय." आणि पहाटे, गाव उठायच्या आत, तो स्वतः पाटी डोक्यावर घेऊन निघाला.

घाट त्याच्या पायाखालचा होता, पण मोकळ्या हातानं. पहिल्याच वळणावर त्याची मान ताठली. दुसऱ्या वळणावर चुंबळ सरकली आणि तेजाबाचा थेंब खांद्यावर पडला. आग आग झाली. पाटी खाली ठेवावी म्हटलं तर पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरं माणूस नाही. पुढं वाटेकडेला एक कंबरभर उंचीचा कातळ होता. त्याच्यावर पाटी टेकवता येत होती. कातळाची तेवढीच जागा घासून गुळगुळीत झाली होती. केरबा तिथं पाटी टेकवून उभा राहिला आणि त्या गुळगुळीत जागेकडं बघत राहिला.

भरलेली बॅटरी घेऊन तो घरी आला. गोठ्यात लोक यायला अजून अवकाश होता. काय मनात आलं कोण जाणे, त्यानं चाकाला हात लावला नाही. दिव्याच्या तारा काढल्या आणि सरळ बॅटरीला जोडल्या. दिवा लागला. चाकावर लागे त्याहून चांगला लागला. दार लावून घेऊन तो रोज तसाच दिवा लावून पाहू लागला. चाकातून लावला की बॅटरी आठवड्याच्या बाजाराआधीच उतरे. थेट लावला तर बाजार उलटून गेला तरी दिवा जळतच होता.

गिरजा ताप उतरल्यावर दारात येऊन उभी राहिली. तिनं थांबलेलं चाक पाहिलं, पेटलेला दिवा पाहिला.

"मंग चाक कशापायी फिरवायचं?" तिनं विचारलं.

"तुला त्यातलं काय कळतंय?" केरबा खेकसला.

ती गेली. केरबा बसून राहिला. तिला कळण्यासारखं त्यात काही अवघड नव्हतंच. चाक वीज बनवत नव्हतं. बॅटरीतली वीज खात होतं, त्यातली बरीचशी घासण्यात आणि घोंघावण्यात घालवत होतं आणि उरलेली दिव्याला देत होतं. हे त्याला सांगलीच्या दुकानापासून ठाऊक होतं. फक्त ते त्याला मान्य करायचं नव्हतं, इतकंच. दुसऱ्या दिवशी त्यानं तारा पुन्हा चाकाला जोडल्या.

त्याच सुमाराला विजेच्या कचेरीतले एक साहेब डोंगर चढून आले. ते म्हणाले, "वरची लाइन यंदा एकाच गावाला देता येईल. ट्रक वर चढत नाही. गावानं खड्डे खणले आणि खांब ओढून वर आणले, तर लाइन तुमची. नाहीतर पलीकडच्या गावाला देतो. पुढच्या सोमवारपर्यंत कळवा."

रंगरावआण्णांनी चावडीपुढं सभा घेतली. सुगीचे दिवस होते. माणसं शेतात राबून थकली होती. मुरमाड जमिनीत खड्डे खणायचे म्हणजे हाडं मोडायचं काम. कोणीतरी म्हणालं, "आपल्याला लाइन कशाला पायजे? आपल्याकडं केरबा हाय." बघता बघता तेच सगळ्यांच्या तोंडी झालं. घरटी एक चाक बसवायचं. केरबानं दाखवायचं, गावानं बनवायचं. ना खड्डे, ना खांब, ना साहेबाचे पाय धरणं.

आण्णांना ते पटलं. त्यांनी केरबाला पुढं बोलावलं, स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्याला फेटा बांधला आणि खांद्यावर शाल घातली. शाल नेमकी तेजाबानं भाजलेल्या जागी टेकली.

"हां, केरबा," आण्णा म्हणाले, "आता समद्यास्नी सांग. हे चाक चालतंय कशावर?"

केरबानं समोर पाहिलं. सगळं गाव बसलेलं होतं. पुन्हा 'चाकावरच' म्हटलं असतं तर जन्मभराचा मान होता. खरं सांगायची तशी जबरदस्तीही कोणाची नव्हती. घरोघरची चाकं बनायला वर्ष लागलं असतं. ती चालली नसती तर केरबा म्हणू शकला असता, तुम्ही नीट बसवली नाहीत. तोवर लाइन पलीकडच्या गावाला गेली असती आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. बायकांच्या घोळक्यात मागं गिरजा बसली होती. आजारानं तिचा चेहरा उतरला होता. ती त्याच्याकडं बघत नव्हती. एका हातानं मान चोळत खाली बघत होती.

"गिरजाच्या मानंवर," केरबा म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, मिस्त्री गंमत करतोय.

"हसू नका," केरबा म्हणाला. "फळीखाली बॅटरी हाय. ती फाट्यावरनं भरून यिती. गिरजा डोक्यावरनं आणती. भाजीखाली झाकून. मीच झाकाय लावली. चाक काय वीज करत न्हाई, आण्णा. जेवढी घालावी त्यातली निम्मीशिम्मी खाऊन उरलेली परत देतंय. नुसत्या बॅटरीवर दिवा जास्त दिस चालंल. ही अशी चाकं घरोघरी बसवलीसा, तर घरोघरच्या बायकांनी घाट चढायचा. दुसरं काय न्हाई."

हसू विरलं. मागून एक जण उठला. "म्हंजे इतकं दीस तू आमाला फसवलंस?"

"व्हय," केरबा म्हणाला.

"पावण्यारावळ्यांत नाक कापलंस आमचं," दुसरा म्हणाला. आण्णांनी बांधलेला फेटा केरबानं उतरवला, शाल घडी करून त्यावर ठेवली आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवून तो बाजूला उभा राहिला. सभेत गलका सुरू झाला. कोणी म्हणालं, चाक ओढ्यात ढकला. कोणी म्हणालं, चाकच कशाला, त्यालाही ढकला.

तेव्हा तानूआक्का काठी टेकत उठली.

"लबाडी केली, खरं हाय," ती म्हणाली. "पर सोमवारच्या आत बोलला. मंगळवारी बोलला असता तर काय केलं असतं? आता राग आलाय न्हवं? मंग तो खड्डं खणताना काढा. मुरूम कठीण हाय, रागानं लौकर फुटंल."

घरी आल्यावर गिरजा चुलीपुढं बसली. तिनं भाकऱ्या थापल्या. मग म्हणाली, "चारचौघांत माझं नाव कशाला घेतलं?"

"खरं हुतं म्हणून."

"खरं हुतं, तर वर भाजी कशाला पसराय लावली?"

गिरजानं त्याच्यापुढं ताट सरकवलं, आणि तो जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा पहार घेऊन एकटाच, साहेबांनी खांबांच्या खुणा केल्या होत्या त्या खिंडीत गेला आणि खणू लागला. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. मग खालून पावलं वाजली. कालच्या सभेत सगळ्यात मोठ्यानं ओरडलेला माणूस टिकाव घेऊन आला होता. शेजारच्या खुणेवर उभा राहून त्यानं घाव घातला. दुसऱ्या दिवशी आणखी माणसं आली. आण्णा सोमवारी स्वतः कचेरीत जाऊन सांगून आले, "लाइन आमची. खणाय लागलो बी."

खड्डे झाले, पण खांब येऊन तारा ओढायला वर्ष सरणार होतं. गोठ्यातलं चाक तसंच उभं होतं. केरबानं खालची पितळी पट्टी आणि धक्का देणारं वेटोळं काढून टाकलं. शाळेतल्या गुरुजींची एक मोडकी सायकल त्यानं मागून आणली. तिचं पुढचं चाक काढलं, मागच्या चाकावरून पट्टा घेऊन लोखंडी चाकाला जोडला. संध्याकाळी तो सायकलीवर बसला आणि पायडल मारू लागला. जड चाक आधी कुरकुरलं, मग हळूहळू गरगर फिरू लागलं. दिवा लागला. दम घ्यायला पाय थांबवले, तरी चाकाच्या अंगात साठलेला जोर दिव्याला थोडा वेळ पुरत होता. चाकाचा खरा उपयोग तेवढाच होता, आणि तो काही कमी नव्हता.

"गिरजे," त्यानं हाक मारली, "ये. बस हितं."

गिरजा वाकळ शिवायला घेऊन आली आणि दिव्याखाली बसली. आजवर जो दिवा तिच्या डोक्यावरून आलेल्या विजेवर जळला, त्याच्याखाली ती पहिल्यांदाच बसत होती. तिनं सुईत दोरा ओवला. एका झटक्यात ओवला गेला.

आधी एकदोघं डोकावून गेली. मग पोथी आली, पाट्या आल्या, निवडायचं धान्य आलं. केरबाचे पाय दुखले तेव्हा टिकाववाला उठून म्हणाला, "उतर, मी मारतो." मग तो रिवाजच पडला. ज्याला उजेड पाहिजे त्यानं थोडं फिरवायचं. गोठ्यात शिरणारं माणूस आधी विचारी, "आज कोण फिरवतंय?" आणि त्याचं नाव घेऊन मग बसे. एके संध्याकाळी रंगरावआण्णांनी धोतराचा काचा मारला आणि सायकलीवर बसले. त्यांचा पाय एकसारखा पडेना. दिवा लहान-मोठा होऊ लागला, पोथीवाल्याची ओळ चुकू लागली. लोक हसले, आण्णाही हसले. उतरताना त्यांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला. फेट्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

त्या वर्षाची आठवण उंबरदऱ्याची जुनी माणसं अजून काढतात. दिवा इवलासा होता. त्याच्याखाली बसायला दाटी करावी लागे. पण कोणाची मुलगी कुठं दिली, कोणाची म्हैस व्याली, कोणाचं दुखतंय, हे सगळं त्या दिव्याखाली कळे. चाकाचा घूं घूं आवाज, तेलाचा वास आणि पायडल मारणाऱ्याचा फुललेला श्वास, यांत ऐकलेली पोथी पुढं लख्ख उजेडात वाचली तरी तशी वाटली नाही, असं ते म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात लाइन आली. घरोघर दिवे लागले आणि संध्याकाळी माणसं आपापल्या घरी बसू लागली.

लाइन आली त्या दिवशी केरबाच्या घरात आढ्याखाली दिवा पेटला. गिरजानं बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं.

"ही वीज कुठनं यिती?" तिनं विचारलं.

"लांबनं. कुठं धरणाचं पाणी पडतंय त्यावर, कुठं कोळसा जाळत्यात त्यावर. चाक तिथंबी हाय, लई मोठं."

"आन् कोळसा?"

"माणसं खणत्यात. जिमिनीच्या पोटात उतरून."

गिरजाचा हात नकळत मानेवर गेला. ती दिव्याकडं बघत राहिली.

"त्यांची नावं कोण घेतंय?" ती म्हणाली.

केरबानं विचार केला. त्याला कोणाचंच नाव माहीत नव्हतं. मग त्यानं दिव्याकडं बघून हात जोडले. गिरजानंही जोडले. त्यानंतरच दोघं जेवायला बसली.

तात्पर्य: कोणतंही चाक आपोआप फिरत नाही. आपल्या उजेडासाठी ज्यानं जोर लावला, त्याचं श्रेय झाकून मिळवलेला मान खरा नव्हे. त्याचं नाव उघड घ्यावं आणि आपणही जोर लावावा.